हाताने शिवलेला चामडी कॅमेरा पट्टा : ४२०० रुपये द्यावेत का?

घाटमाथा

मंडळी, प्रश्न सरळ आहे, उत्तरं सरळ येणार नाहीत याची कल्पना आहे.

माझ्याकडे निकॉन झेड ६ टू कॅमेरा आहे, त्यावर बहुतेक वेळा २४-१२० लेन्स. बॉडी ७०५ ग्रॅम, लेन्स ६३०. म्हणजे गळ्यात साधारण १.३ किलोचं लोढणं. सध्या खोक्यातून आलेला पट्टा वापरतोय. वाईट नाही, पण मानेला घासतो, आणि त्यावरची कंपनीची अक्षरं लांबूनच ओरडून सांगतात की इथे महागाची वस्तू आहे.

इन्स्टावर हाताने शिवलेला एक चामडी पट्टा आवडलाय. बंगळूरूला कुणी एकटाच माणूस बनवतो. किंमत ४२०० रुपये. परदेशातून तसाच मागवायचा तर कस्टम आणि कुरिअर धरून आकडा बघवत नाही. उलट नायलॉनचा बरा पट्टा दीड-दोन हजारात येतो आणि साधा पाचशेत.

तर चामड्यात नक्की काय मिळतं? टिकतो का? पावसात काय होतं? की नुसते 'हॅण्डमेड' या शिक्क्याचे पैसे? बायकोला विचारलं तर म्हणाली, एवढ्यात मला पर्स येते. घरची आघाडी हरलेली आहे, इथे काही दारूगोळा मिळाला तर बघतो.

वापर असा: पेठांमधली भटकंती, वारीत पुणे ते जेजुरीचा टप्पा, आणि मित्राने त्याची १८०-६०० ची लांब पल्ल्याची लेन्स दिली तर भिगवणला पक्षी.

तिरकस

पाचशेचा घ्या. उरलेल्या सदतीसशेत भिगवणची बोट, वर चिलापीची थाळी, आणि वहिनींना नेलंत तर घरची आघाडीही परत ताब्यात. फोटो पट्ट्याने येत नाहीत.

लग्नसराई

तिरकसभाऊंचं बरोबर आहे, पण अर्धंच. फोटो पट्ट्याने येत नाहीत, मानदुखी मात्र येते.

मी लग्नांचं काम करतो, बारामती आणि आजूबाजूला. आमच्या धंद्यात दोन बॉडी दोन बाजूंना लटकवायचे चामडी हार्नेस आले आणि सगळे पोरं त्याच्या मागे लागले. होल्डफास्टचा मनीमेकर सगळ्यात गाजलेला, तो अमेरिकेत दोनशे डॉलरच्या वर आहे. मग इथे त्याच्या नकला निघाल्या. मीही इथला एक घेतला. दिसायला झकास. नवरीकडची मंडळी पहिल्यांदा हार्नेस बघतात, मग मला. पुढच्या कामाचं बोलणं त्यावरून निघालेलं आहे, हे खोटं बोलणार नाही.

पण मे महिन्यातलं दुपारचं लग्न, मांडवात पंखा नाही, अंगात पांढरा सदरा. संध्याकाळी खांद्यावर तपकिरी पट्टे उमटलेले. घामाने रंग सुटला होता. धुवून गेला नाही. बनवणाऱ्याला कळवलं तर म्हणे, नैसर्गिक चामडं आहे, सुरुवातीला होतंच. तेव्हापासून उन्हाळ्यात नायलॉन आणि डिसेंबरच्या लग्नांना चामडं.

दुसरं एक. स्लिंगच्या, म्हणजे खांद्यावरून तिरक्या घालायच्या पट्ट्यात कॅमेरा ट्रायपॉडच्या पाव इंची भोकात बसवलेल्या बोल्टवर लटकतो. तो बोल्ट चालताना हळूहळू फिरून सैल होतो. चामडं असो की नायलॉन, विधी सुरू व्हायच्या आधी तो हाताने घट्ट करायची सवय लावा. आमच्यातल्या एकाची बॉडी ऐन सप्तपदीत फरशीवर आली.

न्यूटनचा_नातू

जरा हिशेब करू.

मानेवरचं वजन पट्ट्याच्या किमतीने कमी होत नाही, रुंदीने विभागलं जातं. १.३ किलो आहे. पट्टा मानेला साधारण १५ सेंमी लांबीत टेकतो असं धरा. पट्टा १२ मिमी रुंद असेल तर १८ चौरस सेंमीवर भार, म्हणजे दर चौरस सेंमीला ७४ ग्रॅमच्या आसपास. तोच ४० मिमी रुंद असेल तर २२ ग्रॅम. इन्स्टावर जे सुंदर दिसतात ते बहुतेक सगळे बारीक पट्टे असतात. ते छोट्या फिल्म कॅमेऱ्याला किंवा फुजी एक्स१०० सारख्या अर्ध्या किलोच्या आसपासच्या कॅमेऱ्याला ठीक. तुमच्या जोडणीला बारीक पट्टा गळ्यात अडकवलात तर दोन तासांत घरी याल. ४२०० वाला किती रुंद आहे ते आधी सांगा.

आता तुटण्याबद्दल. चामड्याची पट्टी ओढून तोडायला भरपूर ताकद लागते, १.३ किलो म्हणजे तिला काहीच नाही. पट्टा मधे तुटल्याचं मी ऐकलेलं नाही. जातं ते टोकाला: कॅमेऱ्याच्या कानातली (पट्टा अडकवायच्या जागेतली) कडी, तिथली शिवण, रिवेट किंवा प्लास्टिकचं बकल. आणि कॅमेरा एका जागी लटकत नसतो, आपण जिना उतरतो, बसमधून उडी मारतो, प्रत्येक धक्क्याला तो भार कितीतरी पटींनी वाढतो. पीक डिझाइनवाले त्यांच्या दोरीच्या अँकरना (पट्टा पटकन काढता-घालता येणाऱ्या जोडणीला) ९० किलोचा दावा लावतात ते उगाच नाही. शिवाय त्या दोरीचं वरचं आवरण झिजलं की आतला वेगळा रंग दिसतो, म्हणजे बदलायची वेळ झाली हे डोळ्यांना कळतं. चामडी पट्टेवाल्यांपैकी टोकाची क्षमता लिहिणारा मला अजून दिसायचाय.

घाटमाथा

खांद्यावर ३८ मिमीची गादी आहे, बाकी पट्टा १५ मिमी. टोकाला गोल स्टीलच्या कड्या, त्यामागे चामड्याची छोटी चकती.

रापी_आणि_आरी

धागा आवडीचा निघाला, त्यामुळे लांबण लावणार आहे. नोकरी बँकेत, पण शनिवार-रविवार चामडं कापतो. मित्रांना पट्टे करून दिलेत, धंदा करत नाही, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही.

पहिली गोष्ट चामड्याच्या खर्चाची. ११० सेंमी लांब आणि १५ मिमी रुंद पट्टी म्हणजे १६५ चौरस सेंमी. चामडं चौरस फुटावर विकतात आणि एक चौरस फूट म्हणजे ९२९ चौरस सेंमी. म्हणजे पट्टीला फुटाचा पाचवा हिस्साही लागत नाही. गादी धरली तरी अर्ध्या फुटाच्या आत. यावरून कुणी म्हणेल, मग चार हजार कसले? थांबा. ती ११० सेंमी सलग लागते. आणि कातडं काही कापडाच्या ताग्यासारखं एकसारखं नसतं. पाठीच्या कण्यालगतचा भाग घट्ट, धागे एकमेकांत गच्च विणलेले. पोटाकडचा भाग सैल, ओढला की लांबतो. पट्टा पाठीच्या कडेनेच कापायचा असतो. पोटाचा कापला तर वर्षभरात एक बाजू लांब होते, कॅमेरा तिरका लटकायला लागतो. स्वस्तातल्या पट्ट्यात बहुतेक वेळा हीच लबाडी असते, आणि ती फोटोत दिसत नाही.

दुसरी गोष्ट, कातडं कसं कमावलंय. झाडांच्या साली-फळांतल्या टॅनिनने कमावलेलं, त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. किंवा क्रोमियमच्या क्षाराने, ते एक-दोन दिवसांत होतं. जगातलं बहुतेक चामडं क्रोमवालंच आहे. क्रोमवालं मऊ, पाण्याला बरंच सोसणारं, रंग पक्का. सालीवालं कडक, पाणी लागलं की डाग धरणारं, पण हाताळून हाताळून गडद होत जाणारं. ज्याला लोक कौतुकाने पॅटिना म्हणतात तो यालाच नीट चढतो. लग्नसराईभाऊंचा सदरा रंगला तो बहुधा वरून रंग दिलेल्या आणि नीट न पुसलेल्या सालीच्या चामड्याने. रंग दिल्यावर कोरड्या फडक्याने घासून जादा रंग काढायचा, मग वर मेणाचा थर द्यायचा, हे काम कंटाळवाणं असतं म्हणून टाळतात. 'नैसर्गिक आहे' ही पळवाट झाली.

तिसरी गोष्ट शिवण. हाताची शिवण म्हणजे एका मेणाच्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने भोक पाडायचं आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. एक टाका झिजून तुटला तरी दुसरा दोरा त्याच भोकातून गेलेला असतो, शिवण धरून राहते. यंत्राच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालचा दोरा नुसते मधे गुंतलेले असतात, एक तुटला की शेजारचे टाके सुटायला लागतात. फरक खरा आहे. पण गंमत अशी की साध्या एकपदरी पट्ट्यात शिवण असते कुठे? दोन टोकांना मिळून बोटभर. तेवढ्यासाठी 'संपूर्ण हस्तशिवण' म्हणून हजारो रुपये लावणारे आहेत. गादी असलेल्या पट्ट्याला मात्र चारी बाजूंनी टाके पडतात, तिथे खरंच वेळ जातो. माझी गादीची शिवण एका बैठकीत उरकत नाही, बोटं दुखतात.

मग कडा. रापीने कोपरे उतरवायचे, पाणी किंवा मेण लावून लाकडी दांडक्याने घासत बसायचं, काचेसारखी कड होईपर्यंत. घासली नाही तर तीच कड मानेला करवतीसारखी लागते. घाटमाथा, तुमच्या आत्ताच्या पट्ट्याचा त्रास रुंदीपेक्षा कडेचाच असेल, विणलेल्या नायलॉनची कड खरबरीत असते.

किंमत: चांगलं चामडं, चांगल्या कड्या, गादीची हातशिवण, घासलेल्या कडा, आणि पट्टा बिघडला तर दुरुस्त करून देईन असं सांगणारा माणूस, एवढं असेल तर ४२०० मला जास्त वाटत नाहीत. यातल्या दोन गोष्टी नसतील तर दोन हजारही जास्त. दहा-बारा हजाराच्या पट्ट्यात चामडं आणखी तिप्पट चांगलं नसतं, तिथे नाव आणि जाहिरात बोलते.

तिरकस

एवढं वाचून मला स्वतःचा कंबरपट्टा संशयास्पद वाटायला लागला.

घाटमाथा

रापीदादा, दंडवत. पण हे सगळं फोटोवरून ओळखायचं कसं?

रापी_आणि_आरी

पूर्ण नाही ओळखता येत, पण विचारता येतं. त्याला कडेचा जवळून काढलेला फोटो मागा. कड चकचकीत आणि चामड्याच्याच रंगाची असेल तर सालीचं चामडं आणि मेहनत दोन्ही आहे. कडेवर प्लास्टिकसारखा रंगाचा थर असेल तर क्रोमवालं आहे. ते वाईट असं नाही, पण तो थर पुढे वळणावर तडकतो. कापलेल्या कडेत मधोमध निळसर राखाडी रेघ दिसली तरी क्रोमच. मागच्या बाजूचा फोटो मागा: तंतू दिसले पाहिजेत. मागेही गुळगुळीत कापड किंवा फोम चिकटवलेला असेल तर विचारायचं, आत काय आहे.

'जेन्युइन लेदर' असा छाप असेल तर हुरळू नका. कातडं आडवं चिरल्यावर खालचा जो कमकुवत थर उरतो, त्यावर प्लास्टिकचा लेप देऊन तोही कायद्याने जेन्युइनच विकतात. 'फुल ग्रेन' (कातड्याचा वरचा मूळ थर शाबूत असलेलं) लिहिलेलं हवं, आणि जाडी तीन मिमीच्या आसपास.

आणि थेट विचारा: पट्टा पाठीचा कापता का? जो माणूस खरा काम करणारा असेल तो या प्रश्नाने खूश होतो. नुसता विकणारा असेल तर 'प्रीमियम क्वालिटी सर' असं उत्तर येईल.

दर्यावर्दी

रत्नागिरीहून. पुण्या-बंगळूरूच्या गप्पा ठीक, आमच्याकडे जूनला कपाटात ठेवलेला चामडी पट्टा ऑगस्टला काढला तर त्यावर पांढरी-हिरवी लव. सालीच्या चामड्याला जास्त धरते. पुसली की जाते, पण वास राहतो, आणि खरी भीती पट्ट्याची नाहीच, लेन्सची आहे. चामडं ओल धरून ठेवतं, बुरशीचे बीजाणू त्यावर आरामात राहतात, आणि तोच पट्टा गुंडाळून लेन्सच्या शेजारी बॅगेत. पूर्वीच्या फिल्म कॅमेऱ्यांना चामड्याची कव्हरं यायची, त्यात बंद करून ठेवलेल्या लेन्स आतून जाळीदार झालेल्या मी पोत्याने बघितल्यात. दुरुस्तीवाल्याकडे कोकणातलं गिऱ्हाईक आलं की तो आधी टॉर्च मारतो.

ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) असेल तर कॅमेरा आत, पट्टा बाहेर. आत ४०-४५ टक्के आर्द्रतेवर ठेवलेलं चामडं कोरडं पडून कडक होतं. म्हणजे पट्टा पटकन काढता-घालता आला पाहिजे. गोल कडीत अडकवलेला पट्टा काढताना नख तुटतं, रोज कोण काढणार? या एका कारणासाठी मी नायलॉनवर आहे.

पावसात भिजलाच तर पंख्याखाली सावलीत वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. वाळल्यावर अगदी थोडं तेल किंवा मेण. तेलात न्हाऊ घालाल तर पट्टा लोंबेल.

शाकंभरी

कुणीच विचारत नाहीये म्हणून विचारते. एका पट्ट्यासाठी जनावराचं कातडं लागतंच का? सुती जाड पट्टे आहेत, कॅनव्हास आहे, नायलॉन आहे. छंद आपला आणि किंमत दुसऱ्या जिवाची.

तिरकस

शाकंभरीताई, बटर चिकनच्या धाग्यावर तुमचा प्रतिसाद बघितल्याचं स्मरतं.

शाकंभरी

तो आयडी वेगळा आहे, मी घरचंही तूप खात नाही. मुद्द्यावर बोला.

रापी_आणि_आरी

मुद्दा रास्त आहे, टिंगल नको. चामड्याशिवाय पट्टा होतोच, आणि जाड सुती पट्टा मानेला चामड्यापेक्षा मऊ लागतो. एकच विनंती, 'व्हेगन लेदर' नावाखाली जे मिळतं त्यातलं बहुतेक पीयू म्हणजे प्लास्टिकचा लेप दिलेलं कापड असतं. आपल्या दमट हवेत ते काही वर्षांत खपल्या धरून सुटतं. सोफ्याचं झालेलं सगळ्यांनी बघितलंय. त्यापेक्षा सरळ सुती घ्या.

शाकंभरी

पीयूच्या बाबतीत सहमत. मी सुतीच वापरते, घाणेरडा झाला की वॉशिंग मशिनमध्ये. चामड्यावाल्यांनी हे करून दाखवावं.

कोल्हापुरी_मिरची

एवढा काथ्याकूट वाचला आणि एकालाही कोल्हापूर आठवू नये? राव, बंगळूरूच्या माणसाला ४२०० द्यायला निघालाय आणि तुमच्यापासनं चार-पाच तासांवर पिढ्यान् पिढ्या हेच काम करणारी माणसं बसलीत.

आमच्याकडं म्हशीचं, बैलाचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावायची जुनी पद्धत. रापीदादा ज्याला सालीचं म्हणतायत ते हेच. चप्पल बघा, अस्सल जोडीत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीनं शिवतात. वरची वेणी घराघरांत बायका घालतात. २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं तसलीच चप्पल चालवली आणि नाव कोल्हापूरचं घेतलं नाही, तेव्हा आपल्या सगळ्यांची अस्मिता जागी झाली. नंतर त्यांनी मान्य केलं ते सोडा. त्याच आठवड्यात चप्पल लाईनमध्ये 'बाराशे? आठशेला द्या की' म्हणणारी पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं मी उभा राहून बघितलीत.

तर माझं म्हणणं, तिथल्या कारागिराकडून पट्टा करून घ्या. मी घेतलाय. जुन्या निकॉन एफएम२ ला लावलाय. सुभाषनगरच्या एका मामांना कागदावर आकृती काढून दिली, कड्या मी आणून दिल्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, 'कुत्रं मोठं आहे का तुमचं?' मग कॅमेरा दाखवला. पट्टा झाला तो सुरुवातीला लाकडासारखा होता, मानेला टोचायचा. वापरून वापरून, थोडं एरंडेल लावून आता मऊ झालाय. दीड हजार त्यांनी मागितले, मी घासाघीस केली नाही.

लग्नसराई

मिरचीभाऊ, दीड हजारात कोल्हापुरात होतो आणि तोच बंगळूरूला ४२०० ला, म्हणजे मधले सत्तावीसशे कुणाचे? तिरकस म्हणतो तेच खरं की मग.

रापी_आणि_आरी

थांबा, उलटं बघा. मामांनी दीड हजार मागितले कारण त्यांना दिवसाची मजुरी तेवढीच मागायची सवय लावलीय आपण. बंगळूरूचा माणूस भाडं, फोटो, खोकं, कुरिअर, परत आलेला माल, आणि स्वतःच्या हाताचा तासाचा दर हे सगळं धरून बोलतो. त्याला इंग्रजीत कॅप्शन लिहिता येतं, म्हणून त्याच्या हाताला 'क्राफ्ट' म्हणतात आणि मामांच्या हाताला मजुरी. काम तेच, आरी तीच. माझ्या मते ४२०० ही बऱ्यापैकी प्रामाणिक किंमत आहे आणि दीड हजार ही कमी आहे.

आणि ज्या हातांना या कामापायी पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवलं, ते काम आता दुसऱ्या कुणी स्टुडिओत केलं की प्रतिष्ठेचं होतं, हेही एकदा बोलून टाकू या. मी स्वतः बँकेतली खुर्ची सांभाळून शनिवारी आरी धरतो आणि लोक वा वा करतात. मामांना कुणी वा वा केलेलं नाही.

तिरकस

आता पट्ट्याच्या धाग्यात जात आलीच. कॅमेऱ्यावर बोला की.

कोल्हापुरी_मिरची

तिरकसराव, चामड्यावर बोलायचं आणि जात आणायची नाही, हे कसं जमायचं? ती आणली कुणी नाही, ती तिथं आहेच.

संपादक

चर्चा विषयाला धरून आहे, चालू द्या. वैयक्तिक शेरे आले तर प्रतिसाद उडवले जातील. दोन उडवले आहेत.

म्युनिकची_मावशी

उशिरा आले. इथे जर्मनीत एडीकॅम कंपनीचे एल्कच्या (एक मोठं हरीण) कातड्याचे पट्टे मिळतात, माझ्या नवऱ्याकडे आहे. खरंच लोण्यासारखा मऊ, पहिल्या दिवसापासून, कारण ते कातडंच तसं. किंमत सांगत नाही, त्याने मला अजून खरी सांगितलेली नाही. इथली हवा थंड, घाम नाही, वर्षातला बराच काळ कोटाच्या कॉलरवरच पट्टा टेकतो. तोच पट्टा डिसेंबरात मुंबईला आणला तर दोन दिवसांत कुबट वास यायला लागला. त्यामुळे इकडच्या वेबसाइटवरचे परीक्षणलेख वाचून तिकडचे निर्णय घेऊ नका रे बाबांनो.

घाटमाथा, सहाशेच्या लेन्सबद्दल कुणी बोललंच नाही. ती दोन किलोच्या वर आहे. ती कॅमेऱ्याच्या कानांवर लटकवायची नसते, पट्टा लेन्सच्या ट्रायपॉड कॉलरला (लेन्सभोवतीच्या कड्याला) लावायचा. नाहीतर सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते त्या जागेवर येतो. माउंटची दुरुस्ती चामड्याच्या कुठल्याही पट्ट्यापेक्षा महाग.

न्यूटनचा_नातू

मावशींना +१. १८०-६०० कॉलरसकट २१४० ग्रॅम आहे, बॉडी धरून २.८ किलो. तिथे गळ्यातला पट्टा हा प्रकारच बाद. खांद्यावरून तिरका, रुंद, आणि घसरणारा नायलॉन. कॅमेरा कमरेवरून डोळ्याला आणताना पट्टा खांद्यावर सरकायला हवा, चामड्याची खरबरीत बाजू तिथे अडते.

आणि वारीबद्दल. गर्दीत कुणाच्या तरी पताकेत, झांजेत पट्टा अडकतोच. गळ्यात नको, तिरका घाला.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार, कान टोचणाऱ्यांचे जास्त.

ठरवलंय ते असं. भिगवण आणि वारीसाठी रुंद नायलॉनचा घेतोय, अँकरवाला, म्हणजे घरी आलो की काढून बाजूला ठेवता येईल, दर्यावर्दींच्या बुरशीची ब्याद नाही. बंगळूरूवाल्याला पाठीच्या कातड्याचा प्रश्न विचारला. त्याने कडेचे चार फोटो आणि अर्ध्या कातड्यावर कुठून कापतो त्याची खडूची रेघ पाठवली. म्हणजे माणूस खरा आहे. तरीही गावातल्या फिरण्यासाठीचा चामडी पट्टा कोल्हापूरहूनच करून घ्यावा असं मन म्हणतंय, बंगळूरूवाला देणार होता तितक्याच तपशिलाने आणि मामा म्हणतील त्याच्यावर दोन पैसे जास्त देऊन. मिरचीभाऊ, मामा गादी लावून देतील का? आणि टोकाला गोल कडीऐवजी अँकरची दोरी घालायची असेल तर?

बायकोला हा धागा वाचायला दिला. ती म्हणते, पर्सही तिथूनच करून घेऊ.

कोल्हापुरी_मिरची

देतील, पण गादीला मऊ कातडं लागतं, ते त्यांच्याकडं नसतं. पातळ क्रोमवालं धारावीत सायन-बांद्रा लिंक रोडच्या दुकानांत मिळतंय, फूटभर घेऊन या. लग्नसराईभाऊ, रंग देऊ नका म्हणून सांगायचं, कोल्हापुरी रंग वापरानं आपोआप येतोय, सदरा वाचतो.

रापी_आणि_आरी

अँकरसाठी टोकाला पट्टी दुमडून फास करायला सांगा. फास शिवायचा, वर एक रिवेट. स्क्रूचा रिवेट नको, सैल होतो. दुमडायच्या जागी चामडं रापीने आतून अर्धं पातळ करून घ्यायला सांगा, नाहीतर तीन मिमी दुमडलं की गोटा होतो आणि अँकर आत शिरत नाही.

लांबी आत्ताच्या पट्ट्यावरून देऊ नका. कॅमेरा लेन्ससकट गळ्यात घाला, सुतळीने मोजा, आणि सांगताना एक बोट कमीच सांगा. भार पडून पहिल्या महिन्यात तेवढा उतरतो.

तिरकस

मामांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कंबरपट्टा.